बासियोनची साक्ष

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज चढले, आणि तीही पगार घेऊन. मनिलाहून बोटीनं यावं लागतं अशा आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात मी लघुलेखक होते. साक्षीदार आपल्या बोलीत बोलणार, दुभाष्या त्याचं इंग्रजी करणार, मी ते उतरवून घेणार आणि संध्याकाळी टाइप करणार. माणसं किती खोटं बोलतात याचं नवल मला तिसऱ्या वर्षीच वाटेनासं झालं. खोट्याचे प्रकार तरी किती असतात? भीतीचं, लोभाचं, सुडाचं. बासियोनचं खोटं यांतल्या कशातच बसत नव्हतं, म्हणून ते ओळखायला मला तेरा वर्षं लागली.

बासियोन म्हणजे साल्वासियोन, आमच्या बस अड्ड्यावर इबोस विकणारी. नारळाच्या कोवळ्या पानाची सुरळी करायची, तीत नारळाच्या दुधात भिजवलेला चिकट तांदूळ भरायचा, बांधायचा आणि तासन्‌तास उकडायचा, हा तिचा जन्माचा उद्योग. नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. मागे राहिला एकच मुलगा, एलमेर. त्याला तिनं इबोसवर वाढवलं आणि धाकात वाढवलं. वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावल्याशिवाय एलमेर कुणाच्या घरात शिरायचा नाही. हे बासियोनच सांगायची, दिवसातून चारदा, लेकाला लाडानं तोतो म्हणत. "माझा तोतो गरीब आहे, पण वळणाचा आहे." अड्ड्यावरचे ड्रायव्हर तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणत तिची टर उडवायचे. "मानांग बासियोन, तुझा तोतो कोंबड्यालासुद्धा नमस्कार करतो म्हणे." ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा कोंबडा बरा, निदान वेळेवर उठतो."

कोंबड्यावरूनच सगळं सुरू झालं. त्या वर्षीच्या फिएस्टाला, म्हणजे गावच्या जत्रेला, दुपारच्या कोंबड्यांच्या झुंजीत, एलमेरचं आणि बेर्तोचं वाजलं. दोघं चोविशीचे, लहानपणापासूनचे सोबती, घरं दोन दारं सोडून. एकमेकांची गचांडी धरली, लोकांनी सोडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेर्तो झुंजीच्या आखाड्यामागे मेलेला सापडला, पोटात सुरी मारलेली. एलमेर दिवेलागणीपासून घरी झोपला होता, पण हे सांगणारी एकटी आई. आणि आखाड्यावर काम करणाऱ्या इस्कोनं सांगितलं की त्यानं एलमेरला मागच्या बाजूनं पळताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी पोलीस येऊन एलमेरला घेऊन गेले.

आता इथं एक नातं सांगायला हवं. बेर्तोच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेतलं होतं ते बासियोननं. ती त्याची निनांग, धर्ममाता. त्यामुळे बेर्तोची आई लुमेन आणि बासियोन एकमेकींच्या कुमारे, आणि लुमेन एलमेरची तिया, म्हणजे मावशी. आमच्याकडे कुमारे म्हणजे सख्ख्या बहिणीहून जड नातं. बहिणीशी भांडता येतं, कुमारेशी भांडलं तर देव विचारतो.

मेलेल्या माणसाच्या घरी आमच्याकडे नऊ दिवस प्रार्थना चालते. नवव्या दिवशी बासियोन तांदळाचं पोतं आणि दोन कोंबड्या घेऊन लुमेनच्या घरी गेली. मुलगा त्या घरच्या मुलाच्या खुनासाठी कोठडीत, आणि ही पोतं घेऊन दारात. तिथंच गुडघ्यावर बसली, लुमेनचे हात धरले आणि म्हणाली, "मला माफ कर, कुमारे." निनांग असून लेकराला जपलं नाही, याची माफी. मर्तिकाच्या घरी माणसं असंच बोलतात. वेळेवर आला नाही तो माफी मागतो, वेळेवर येऊन रडू आलं नाही तोही मागतो. लुमेननं तिला उठवलं, दोघी रडल्या, आणि आमच्या रस्त्यावरच्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरकारी वकिलाला मात्र वाटलं. आमच्या कायद्यात असं आहे की आरोपीनं मेलेल्याच्या माणसांकडे माफीची याचना केली, तर कोर्ट ती गुन्ह्याची कबुली धरू शकतं. आई आपल्या मनानं गेली असेल तर गोष्ट वेगळी. मुलानं पाठवली असेल तर त्याच्या गळ्यात फास. हे बासियोनला कुणी समजावलं नव्हतं. एलमेरला सरकारनं दिलेल्या वकिलाकडे त्या आठवड्यात चाळीस खटले होते, आणि त्या वकिलाला बासियोनचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं.

वर्षभरानं, एलमेर त्या रात्री घरीच होता हे सांगायला, ती साक्षीला उभी राहिली तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते.

"तू लुमेनच्या घरी जाऊन माफी मागितलीस, हे खरं?" सरकारी वकिलानं विचारलं.

"खरं, साहेब."

"तू जाणार हे मुलाला ठाऊक होतं?"

"होतं. सकाळी कोठडीत डबा द्यायला गेले तेव्हा सांगितलं त्याला."

"मग त्यानंच तुला पाठवलं का?"

बासियोन थांबली. पुढच्या बाकावर काळ्या कपड्यांतली लुमेन बसली होती, तिच्या मागं आमचा अख्खा रस्ता. बासियोननं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हो, साहेब. त्यानंच पाठवलं. म्हणाला, नानाय, जा, तिया लुमेनची माफी मागून ये."

एलमेरनं मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. लघुलिपीत गप्प राहण्याला खूण नसते, आणि मान वर करण्यालाही नसते. मी प्रश्न लिहिला, त्याखाली उत्तर लिहिलं.

जन्मठेप झाली. आठवड्यानं बासियोन निकालाची प्रत घेऊन माझ्या दारात उभी. "इंदाय एस्तेर, तू तिथं लिहीत होतीस ना? मग आता वाचूनही तूच दाखव." मला इंदाय म्हणणारं, म्हणजे धाकटी म्हणणारं, तेव्हाच गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिच्या साक्षीचा भाग आला तसा तिनं हात आडवा धरला. "ते राहू दे. ते मला माहीत आहे." त्या दिवसापासून तिचे अर्ज मी लिहायला लागले. का, ते विचारू नका. एकटी होते, यंत्र घरात होतं आणि इबोस चांगले असायचे.

तेरा वर्षं म्हणजे नुसती दमणूक. पहिल्या वर्षी चाळीस माणसं मेणबत्त्या घेऊन चौकात चालली, सगळ्यांच्या अंगात एलमेरचा चेहरा छापलेले पांढरे शर्ट. तिसऱ्या वर्षी अकरा उरली. सहाव्या वर्षी बासियोन, मी आणि इबोसच्या आशेनं आलेलं एक कुत्रं. शर्टांची फडकी झाली. एकदा अड्ड्यावर एक मेकॅनिक एलमेरच्या तोंडानं ऑइल पुसत होता. मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. ती म्हणाली, "अधूनमधून धुवत जा रे ते," आणि पुढं गेली. तेव्हा कळलं की ही किती दमली आहे.

प्रत्येक निवडणुकीला कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घ्यायचं. रेडिओवर तिचं पत्र वाचलं गेलं, अर्धं खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीआधी आणि अर्धं नंतर. बिशपच्या कचेरीतून उत्तर यायचं की आम्ही प्रार्थना करतो आहोत. "प्रार्थना मलाही येते," बासियोन म्हणायची, "शिक्का मला येत नाही." आठव्या वर्षी कुणी सुचवलं, दयेचा अर्ज करा, मुलाला पश्चात्ताप झालाय असं लिहा, लवकर सुटेल. ती माझ्यावरच उखडली. "जे केलं नाही त्याचा पश्चात्ताप कुठून आणायचा? उसना?"

वर्षातून एकदा ती बोटीनं मनिलाला आणि तिथून मुंतिनलुपाच्या तुरुंगात जायची. निघायच्या आदल्या दिवशी लुमेन न चुकता सुक्या मासळीचं पुडकं आणून द्यायची. "एलमेरला दे." हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लुमेनला तोंडावर विचारलं की ज्यानं मुलगा मारला म्हणतात त्याला मासळी कशी पाठवतेस. लुमेन म्हणाली, "त्यानं माफी मागितली, इंदाय. आईला पाठवून मागितली. तेवढ्यावर मी जगले." बासियोन शेजारीच उभी होती. ती पुडक्याची दोरी घट्ट करत राहिली.

बाराव्या वर्षी इस्कोचं यकृत गेलं. मरायच्या आधी त्यानं पाद्री आणि नोटरी दोघांना बोलावलं आणि सांगितलं की त्या रात्री त्यानं कुणालाच पाहिलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं, एलमेर होता ना, तर तो हो म्हणाला, कारण त्यांना तेच हवं होतं. हा कागद हातात आल्यावर फुकट वकिली करणाऱ्या एका संस्थेनं आमच्याकडे वकील पाठवली. अॅटर्नी मायलिन, सत्तावीस वर्षांची, पायात खेळाचे बूट. माझ्या जेवायच्या टेबलावर बसून तिनं दोन दिवस सगळे कागद वाचले.

"नानाय," ती बासियोनला आईची हाक मारत म्हणाली, "निकाल दोन पायांवर उभा आहे. एक इस्को. तो पाय मोडला. दुसरा पाय तुमचा आहे."

बासियोननं सुरळीसाठी नारळाचं एक पान ओढून घेतलं.

"एलमेरनं खरंच पाठवलं होतं तुम्हाला?"

"कोर्टात जे सांगितलं ते सांगितलं."

मायलिननं वही मिटली. ती गेल्यावर मी दार लावलं. बासियोन पानांच्या सुरळ्या करत बसली होती, जणू काही झालंच नाही.

"ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस, मानांग?" मी म्हणाले.

तिनं चार सुरळ्या आणखी केल्या. मग म्हणाली, "तो म्हणाला होता, जाऊ नकोस. म्हणाला, नानाय, तू गेलीस तर लोक म्हणतील मीच मारलं. तोंडावर म्हणाला."

"मग तू हो का म्हणालीस?"

"लुमेन समोर बसली होती. तिच्या पोराला मातीत घालून वर्ष झालं होतं. एलमेर तिच्या हातचं जेवून मोठा झालाय. मी तिच्यासमोर काय सांगू, की माझा मुलगा म्हणाला, जाऊ नकोस त्यांच्या घरी? रस्ता काय म्हणाला असता? बासियोनच्या पोराला वळण नाही, मेलेल्याच्या घरी आईला जाऊ देत नाही."

मला असा संताप आला की मी उभीच राहिले. "वळणापायी जन्मठेप? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "वळणाचा दिसला तर जज्ज सोडतील."

राग उतरला तशी मला लाज वाटायला लागली. त्या पिंजऱ्यात आमच्या गावातली कुठलीही बाई उभी असती तरी हेच बोलली असती. मीही बोलले असते. आणि तेरा वर्षं मला संशय होता, तरी मी विचारलं नाही, कारण वडीलधाऱ्या बाईला तू खोटं बोललीस का असं विचारायचं नसतं. म्हणजे वळण मलाही नडलं.

मायलिननं तिला स्पष्ट सांगितलं की शपथेवर खोटं बोलल्याचा खटला तिच्यावरच होऊ शकतो.

"होऊ दे. तुरुंगात गेले तर एलमेरला भेटायला बोट तरी लागणार नाही."

"बायकांचा तुरुंग वेगळा असतो, मानांग," मी म्हणाले.

"हो का? मग वाईट." तुरुंगाचं तिला खरंच काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते लुमेनचं. "तिच्याकडे तेवढंच आहे ग, इंदाय. तेही मीच दिलेलं, आणि आता मीच काढून घ्यायचं."

त्या वर्षी मुंतिनलुपाला मी तिच्याबरोबर गेले. एलमेर अडतीस वर्षांचा झाला होता, कानाजवळ पांढरा, डोळ्यांवर चष्मा. त्यानं आधी आईचा हात कपाळाला लावला, मग माझा. बासियोन बसायच्या आत म्हणाली, "मी त्या दिवशी कोर्टात खोटं बोलले."

"माहीत आहे, नानाय. मी तिथंच होतो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही जेवलात का? बोटीवर काही मिळालं?"

भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही बोटीवरच्या भाताबद्दल बोललो.

खटला पुन्हा उघडायचा की नाही, याची सुनावणी आमच्याच गावच्या कोर्टात झाली. नवीन जज्ज, सर्दी झालेल्या एक बाई. मी निवृत्त झाले होते, माझ्या जागेवर एक तरुण मुलगी होती. लुमेन त्याच पुढच्या बाकावर. बासियोननं तिला आधी काहीही सांगितलं नव्हतं. तीन वेळा सांगायला म्हणून तिच्या दारापर्यंत गेली आणि तिन्ही वेळा इबोस देऊन परत आली.

मायलिननं विचारलं, बासियोननं सांगितलं. तो म्हणाला होता, जाऊ नकोस. मी माझ्या मनानं गेले. माफी माझी होती.

सरकारी वकील उठला. "तेव्हा शपथेवर हो म्हणालात. आज शपथेवर नाही म्हणता. यांतलं खोटं कुठलं?"

"तेव्हाचं."

"का बोललात खोटं?"

"माझ्या पोराला वळण नाही असं कुणी म्हणू नये म्हणून."

मागं कुणीतरी हसलं. लुमेन हसली नाही. ती बासियोनकडे बघत राहिली, आणि बासियोन जमिनीकडे. मी बाकावर बसून हात चोळत होते. इतकी वर्षं तिथं लिहिलं, पण नुसतं ऐकत बसणं त्याहून अवघड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग एलमेर उभा राहिला. सरकारी वकील त्याला म्हणाला, "आई खोटं बोलते आहे हे तुला त्याच क्षणी कळलं. तुझा वकील शेजारी होता. एक शब्द बोलला असतास तर कदाचित सुटला असतास. तेरा वर्षं गप्प बसलास. आम्ही हे कसं खरं मानायचं?"

एलमेरला प्रश्नच समजला नसावा असं आधी वाटलं. मग तो म्हणाला, "आई साक्ष देत होती, साहेब. मी उठून तिला खोटं पाडायचं? सगळ्या गावासमोर?"

जज्जबाईंनी रुमाल खाली ठेवला. माझ्या जागेवरच्या मुलीचा हात थांबला होता.

निकालाला नऊ महिने लागले. शिक्षा रद्द. बासियोनवर कुणी खटला भरला नाही. सत्तरीच्या म्हातारीच्या मागं लागायला कुणाला उत्साह नसावा. एलमेर बोटीनं घरी आला. पहिल्या मेणबत्तीनंतर घरी बसलेली माणसं त्या दिवशी सगळी हजर होती, शेवया खाऊन आम्हाला माहीतच होतं म्हणत होती. बासियोन कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "पाय दुखतात ग." बास, एवढंच. मला वाटलं होतं की ती रडेल, आणि मग मीही रडून घेईन. ते राहूनच गेलं.

सुनावणीपासून लुमेन तिच्याशी बोलली नव्हती. एलमेर आल्याच्या तिसऱ्या दिवशी बासियोन म्हणाली, चल माझ्याबरोबर. एलमेरही निघाला. तिनं त्याला बसवलं. "आधी मी. तू नंतर."

लुमेन पायरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून उठली नाही, पण सरकून जागा केली. बासियोन खालच्या पायरीवर बसली. तीही शेंगा सोलू लागली.

"म्हणजे त्यानं माफी मागितलीच नव्हती," लुमेन म्हणाली.

"नाही. मी मागितली होती. माझी."

"आणि मी इतकी वर्षं त्याला माफ करत होते."

"हो."

"मासळी पाठवत होते."

"त्यानं खाल्ली ती, कुमारे. दरवर्षी. तुझ्याकडची आहे हे सांगूनच द्यायचे मी."

लुमेननं मान हलवली. "मी रागावणार होते तुझ्यावर. पण मला जमेना. त्यानं केलं नाही, हे बरंच झालं. माझ्या हातचं जेवलेला मुलगा आहे." तिनं सोललेले दाणे परातीत एका बाजूला सारले. "फक्त एवढं सांग मला. एलमेरनं नाही, तर मग माझ्या बेर्तोला कुणी मारलं?"

बासियोननं माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत आम्ही जज्जांना, बिशपना, महापौरांना, रेडिओला अर्जामागून अर्ज केले. त्यांतल्या एकाही अर्जात हा प्रश्न नव्हता, आणि ते सगळे मीच टाइप केले होते.